मतदान वाढवायचं तर फेरी काढावी की यादी धरावी? (सोलापूर)

पारकट्टा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

जुळे सोलापुरात आमच्या चार-पाच अपार्टमेंटचं मिळून एक रहिवासी मंडळ आहे. गणपती, कोजागरी आणि टँकरवरून भांडणं, एवढंच आजवरचं कार्य. जानेवारीत महापालिकेचं मतदान झालं, त्यानंतरच्या बैठकीत कुणीतरी विषय काढला की निम्म्या लोकांच्या बोटाला शाईच नव्हती. मग चर्चा तापली. आता ठराव असा आलाय की मंडळानं 'मतदार जागृती' हाती घ्यायची. म्हणजे काय, तर टोप्या, फलक, एक पथनाट्य आणि प्रभातफेरी. खर्चाचा अंदाजही तयार आहे.

मला हे पटत नाही. जो मत द्यायला जात नाही त्याला मतदान असतं हे माहीत नसतं असं थोडंच आहे? पण नुसतं 'पटत नाही' म्हटलं की बैठकीत मी एकटा पडतो. म्हणून इथे विचारतोय. तुमच्या पाहण्यात एखादा न जाणारा माणूस मतदानाला गेला असेल, तर तो कशानं गेला? आणि गेला नसेल तर नेमकं काय आडवं आलं?

पक्षांची नावं नकोत. मशीनचा विषय नको. धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका, ही विनंती.

कडक_भाकरी

का बे, निवडणूक आत्ताच झाली की. पुढची कधी, धागा कधी! गड्ड्याची जत्रा संपल्यावर पाळण्याचं तिकीट काढायलाय का?

शेंगाचटणी

प्रभातफेरीबद्दल एकच निरीक्षण. त्यात शाळेतली पोरं असतात. म्हणजे ज्यांना मत नाही त्यांनी, ज्यांना मत आहे त्यांना, सकाळी साडेसातला ओरडून उठवायचं. आमच्या गल्लीत एकदा अशी फेरी आली, तेव्हा खिडकीतून फक्त कुत्री आणि मी बघत होतो.

हिंजवडीवासी

मी न जाणाऱ्यांपैकी. म्हणजे आळशी नाही हो, नाव सोलापूरच्या यादीत आणि पोट पुण्यात. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, वार बुधवार. मधला वार ठेवला की लोक जोडून सुट्टी घेऊन महाबळेश्वरला पळत नाहीत म्हणतात. बरोबर असेल. पण आमच्यासारख्यांचा त्यातच बळी जातो. शनिवार-रविवार असता तर शुक्रवारी संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून रात्री दहाला सोलापूर, मत देऊन आईच्या हातचं जेवून परत. बुधवारसाठी दोन दिवस रजा टाकायची म्हणजे मॅनेजर असा बघतो की जणू मीच उभा राहिलोय.

लोकसभेला ७ मे २०२४ ला मंगळवार होता. आणि सोलापूरचा मे. पुढचं सांगायला नको.

नियमात_बसवा

@हिंजवडीवासी, राहता पुण्यात तर नाव पुण्यात नोंदवा. कायदा 'जिथे सर्वसाधारणपणे राहता तिथे' म्हणतो, 'जिथे आईच्या हातचं जेवता तिथे' म्हणत नाही. फॉर्म ८ भरला की जुनं नाव आपोआप तिकडे हलतं. दोन्हीकडे नाव ठेवणं हा तर गुन्हाच आहे.

हिंजवडीवासी

माहीत आहे. तीन वेळा घर बदललंय, प्रत्येक वेळी वेगळा विधानसभा मतदारसंघ. आणि खरं सांगू? पुण्यात माझ्या वॉर्डात कोण उभं आहे ते मला ठाऊक नसतं, सोलापुरात कुणाचा पोरगा कुठं बसतो इथपर्यंत माहीत असतं. वर आई म्हणते, यादीतून नाव काढलंस की रेशनकार्डावरून काढल्यासारखं होईल.

बाहेरगावी असलेल्यांना तिथूनच मत देता यावं म्हणून आयोगानं एक यंत्र केलं होतं की. २०२३ च्या जानेवारीत पक्षांना बोलावून दाखवणार होते. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघ म्हणे. विरोधकांना ते पटलं नाही, मग पुढं काही हललं नाही.

मंगळवेढ्याची_ज्वारी

बाहेरगावी म्हटल्यावर सगळ्यांना आयटीवालेच आठवतात. आमच्याकडं नोव्हेंबरात मतदान म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या. २०२४ ला गळीत हंगाम सुरू आणि पाठोपाठ मतदान. उमेदवाराला गरज पडली तर तो गाडी पाठवतो, नाही पडली तर कोयता चालू. रजा मागायला तिथं मॅनेजर नसतो, मुकादम असतो, आणि उचल आधीच घेतलेली असते.

शेंगाचटणी

हे भारी मुद्द्याचं लिहिलंत. बाकी आयडी बघून भूक लागली.

रिकामा_नळ

सगळे मतदान 'वाढवायचं' धरूनच चाललेत. का वाढवायचं ते कुणी सांगेल? आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड. उजनी भरली तरी तेच, रिकामी झाली तरी तेच. मी ठरवून जात नाही. हेही एक मतच आहे.

नियमात_बसवा

मग नोटा दाबा. २०१३ पासून सोय आहे. घरी बसलेला माणूस रागावून बसलाय की झोपलाय, हे मोजणाऱ्याला कसं कळणार?

रिकामा_नळ

नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी लोकसभा-विधानसभेला दुसरा आलेलाच निवडून येतो. मग फरक काय?

नियमात_बसवा

लोकसभा-विधानसभेला तसंच आहे, मान्य. पण पाणी देते महापालिका, आणि महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये वेगळा आदेश काढलाय. नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा. म्हणजे तुमचा राग जिथे आहे नेमकं तिथेच त्याला किंमत आहे, आणि तिथेच तुम्ही घरी बसलात.

रिकामा_नळ

हे नव्हतं माहीत. तरी गेलो असतो का सांगता येत नाही.

बीएलओताई

पारकट्टा दादा, फेरी काढा की काढू नका, पण मी जे रोज बघते ते सांगते. मी शिक्षिका आहे आणि बीएलओ, म्हणजे आपल्या भागाच्या मतदार यादीचं काम घरोघरी जाऊन करणारी. या कामाचं मानधन वर्षाला ६ हजार होतं, २०२५ मध्ये १२ हजार केलं. महिन्याला हजार रुपये. त्यात उन्हातान्हात जिने चढायचे.

तुमच्यासारख्या अपार्टमेंटमध्ये काय होतं सांगू का? खाली वॉचमन विचारतो, 'कुणाकडं?' मी म्हणते, सगळ्यांकडं. तो म्हणतो, सेक्रेटरींना विचारा. सेक्रेटरी ऑफिसला. वर गेलं की साखळी लावलेल्या दारातून एक डोळा दिसतो. 'आम्हाला काही घ्यायचं नाही.' अहो, मी विकत काही नाही, तुमचं नाव विचारते. 'साहेब घरी नाहीत.' साहेबांचं नाव मला यादीत दिसतंच, तुमचं सांगा ना ताई. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं माहेरच्या यादीतच असतात, हे तर घरोघरी. सासरच्यांच्या ते गावीच नसतं. आणि मतदानाच्या दिवशी हीच बाई केंद्रावर येऊन मला विचारते, 'माझं नाव कुणी कापलं?'

भाडेकरू तर आणखी अवघड. मालक म्हणतात, त्यांना पत्ता लावू देऊ नका, उद्या घर सोडणार नाहीत. मतदार यादीतल्या नावानं घरावर हक्क लागत नाही हो. पण ते डोक्यातून निघतच नाही.

मेलेल्यांची नावं राहतात त्याचंही तसंच. घरच्यांनी नाव काढायचा फॉर्म ७ द्यायचा. एका आजोबांनी मला सांगितलं, 'तिचं नाव राहू दे यादीत, चिठ्ठी आली की बरं वाटतं.' मी तिथं काय बोलणार. नियमानं कारवाई करावी लागली, पण त्या दिवशी नाही केली.

कडक_भाकरी

ताई, हे वाचून गप्प बसलो.

पूर्वभाग_पोरगी

बीएलओताईंना नमस्कार. आमच्याकडची गोष्ट सांगते. माझी अम्मा विड्या वळते. रात्री पान भिजवायचं, पहाटे पत्रा ठेवून कातरीनं कापायचं, मग सूप मांडीवर घेऊन वळत बसायचं. मजुरी हजारावर. तयार विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथं तपासणीत काही बाद होतातच.

मतदानाची पगारी सुट्टी असते असं पेपरात येतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब, रोजंदारीवाल्यांनाही लागू, मालकाला ५०० रुपये दंड. वाचायला छान. पण जिची मजुरीच नगावर, तिला सुट्टीचा पगार कसला? अम्माला मत द्यायचं म्हणजे तेवढ्या वेळाच्या विड्या कमी. तरी ती जाते. कधी चुकवलं नाही. उलट माझा भाऊ, पदवीधर, घरात लोळत होता.

अडलं वेगळ्याच ठिकाणी. आम्ही शहरातनं कुंभारीला घरकुलात राहायला गेलो. २००६ मध्ये विडी कामगारांची १० हजार घरं झाली ना, तिथंच. नावं मात्र जुन्या पेठेत. कितीतरी वर्षं अम्मा आणि शेजारच्या बायका मिळून रिक्षा करून मत द्यायला शहरात यायच्या. भाडं वाटून घ्यायच्या. कुणी भाडं दिलं तर त्याच्याही रिक्षात बसायच्या, मत द्यायचं त्यालाच द्यायच्या :) आता २०२४ च्या जानेवारीत रे नगरची १५ हजार घरं दिली, तिथंही हाच घोळ होणार. घराची किल्ली मिळाली की वीज मीटरसाठी सगळे धावतात, फॉर्म ८ कुणाला आठवत नाही.

माझं म्हणणं, किल्ली देतानाच फॉर्म भरून घ्या की.

पारकट्टा

@पूर्वभाग_पोरगी, शेवटची ओळ बैठकीत वाचून दाखवणार. आमच्याकडेही नवीन फ्लॅटवाला आला की मेंटेनन्सचा चेक आधी घेतो.

सात_रस्ता

विषय निघालाच आहे तर, आपल्याच जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी विधानसभेनंतर कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं. ३ डिसेंबर २०२४. प्रशासनानं जमावबंदी लावली, रद्द झालं. लोकांचा मशीनवर विश्वासच नसेल तर कशाला...

व्यवस्थापक

धागाकर्त्यानं पहिल्याच प्रतिसादात विनंती केली आहे. मशीनच्या चर्चेसाठी स्वतंत्र धागा आहे, तिथे भरपूर जागा आणि भरपूर माणसं आहेत. इथलं पुढचं उडवलं जाईल.

शेंगाचटणी

(पॉपकॉर्न परत पिशवीत टाकले.)

एकच म्हणून थांबते. मारकडवाडीचे लोक एकदा मत देऊन पुन्हा द्यायला तयार होते. मतदान कमी होण्याच्या धाग्यात त्यांचं उदाहरण कसं बसतं?

निवृत्त_मास्तर

मी ३० वर्षांच्या नोकरीत निवडणुकीच्या इतक्या ड्युट्या केल्या की मोजणं सोडून दिलं. तरुण मंडळींसाठी केंद्राच्या आतल्या बाजूचं थोडं सांगतो. लोक परत का जातात ते तिथं दिसतं.

पहिलं, मोबाईल. माणूस रांगेत उभा राहतो, दारात पोलीस सांगतो मोबाईल आत नाही. एकटा आलेला असतो. कुणाकडं द्यायचा? 'ठेवून येतो' म्हणून जातो आणि येत नाही. नवरा-बायको आले तर आळीपाळीनं जमतं. मंडळानं गेटवर एक माणूस बसवून मोबाईल सांभाळले तरी पुष्कळ झालं.

दुसरं, सहाची वेळ. साडेपाच वाजले की लोक समजतात आता गेलो तर घेणार नाहीत. तसं नाही. सहाच्या ठोक्याला जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना चिठ्ठ्या देतो, आणि त्या वाटायला सुरुवात शेवटच्या माणसापासून करतो, म्हणजे मागं नवीन कुणी चिकटू नये. मग आठ वाजले तरी त्यांचं मत घ्यावंच लागतं.

तिसरं, 'तुमचं मत पडलंय.' हे ऐकून माणूस भडकतो, शिव्या देतो, निघून जातो. जाऊ नये. ओळख पटली तर त्याला प्रदत्त मत देता येतं. ते मशीनवर नसतं, कागदी मतपत्रिकेवर असतं, पाकिटात वेगळं ठेवलं जातं. हे मागायचं असतं हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि केंद्राध्यक्ष घाईत असला की तोही आपणहून सांगत नाही.

आता महापालिकेचं. जानेवारीत बहुतेक प्रभागांत चार-चार जागा. अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. चारही जागांना बटण दाबल्याशिवाय मत पुरं होत नाही. एका वयस्कर बाईंनी एक दाबलं आणि निघाल्या. 'आजी, अजून तीन राहिली.' त्या म्हणाल्या, 'मला एकच माणूस माहीत आहे रे बाबा.' मी त्यांना नोटा सांगितला. तो कुठं असतो, प्रत्येक रंगात वेगळा कसा, हे सांगेपर्यंत मागच्या रांगेतनं आवाज. त्यांच्या मागचे दोघं घड्याळ बघून परत गेले, माझ्या डोळ्यांदेखत. (हे माझ्या ड्युटीतलं नाही, मी या वेळी नुसता मतदार होतो, पण सवय जात नाही.)

मंगळवेढ्याची_ज्वारी

मास्तर, प्रदत्त मताचं खरंच माहीत नव्हतं. वाखूण साठवली.

जरा_शिस्त_लावा

एवढं कौतुक कशाला? सक्ती करा. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून आहे. नाही गेलात तर दंड. नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदान होतं.

नियमात_बसवा

दंड किती ते सांगायचं राहिलं. २० डॉलर. मतदान शनिवारी, आधीही देता येतं, पोस्टानंही देता येतं, आणि केंद्राबाहेर सॉसेज भाजून मिळतं. सक्तीबरोबर सोयही केली त्यांनी. आपल्याकडे गुजरातनं स्थानिक निवडणुकांना सक्तीचा कायदा केला होता, २०१५ मध्ये हायकोर्टानं स्थगिती दिली.

कडक_भाकरी

सॉसेजच्या जागी काय ठेवायचं? भजी? उन्हाळ्यात मठ्ठा? मी तर दोनदा मत देईन.

नियमात_बसवा

दोनदा नाही देता येत.

कडक_भाकरी

विनोद होता ओ साहेब.

आकडेमोड

सक्तीपेक्षा मजेशीर एक प्रयोग अमेरिकेत मिशिगनमध्ये झाला, ऑगस्ट २००६ च्या प्राथमिक निवडणुकीत. हजारो घरांना वेगवेगळी पत्रं पाठवली. एका गटाला 'मतदान हे कर्तव्य' असं नुसतं. त्यानं जेमतेम फरक पडला. दुसऱ्या एका गटाला पत्रात त्यांच्या शेजाऱ्यांपैकी मागच्या वेळी कुणी मत दिलं, कुणी नाही, याची यादीच छापून पाठवली, वर 'निवडणुकीनंतर पुन्हा यादी पाठवू' अशी तंबी. ज्यांना काहीच पत्र नव्हतं त्यांच्यात मतदान २९.७ टक्के, या यादीवाल्यांत ३७.८. नुसत्या एका कागदानं आठ टक्के.

म्हणजे पारकट्टा, तुमचा संशय खरा आहे. फलकावरचं 'कर्तव्य' कुणाला हलवत नाही. आपल्याला कुणी बघतंय हे हलवतं.

शेंगाचटणी

आमच्या गल्लीत शेजाऱ्यांची यादी छापली तर मतदान आठ टक्के वाढेल आणि बोलणं शंभर टक्के बंद होईल. आधीच मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी लिफ्टजवळ लावल्यापासून दोन घरांत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं नाही.

पूर्वभाग_पोरगी

आपल्याकडं ती यादी बोटावरच असते की. माझा भाऊ २०२४ ला शेवटी कशानं उठला माहितीय? दुपारी त्याचे मित्र आले, सगळ्यांनी बोट दाखवून फोटो काढला. ह्याला म्हणाले, तू फोटो काढ, तुझं बोट रिकामं आहे. पाच वाजता गेला. अम्मानं सकाळपासून घसा कोरडा केला होता, त्याचं काही नाही.

सात_रस्ता

अवांतर: ती शाई १९६२ पासून म्हैसूरच्या एकाच कारखान्यात होते. सिल्व्हर नायट्रेट असतं त्यात, उन्हात गेलं की आणखी काळी पडते. सोलापूरच्या उन्हात तर पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकावी. महापालिकेला मात्र मार्कर पेन होता, त्यावरून राज्यभर आरडाओरडा झाला.

हिंजवडीवासी

बोट दाखवा आणि बिलात सूट मिळवा, असं काही हॉटेलवाल्यांनी केलं होतं. ते कसं वाटतं?

निवृत्त_मास्तर

अमक्याला मत दे म्हणून नाही, नुसतं मत दिलं म्हणून सूट, तोवर ठीक. पण आपल्याकडं काय दिलं आणि कशासाठी दिलं यातली रेघ पुसायला वेळ लागत नाही. मंडळानं त्या वाटेला जाऊ नये.

बीएलओताई

तरुणांचा विषय निघाला म्हणून. जानेवारीत माझ्याकडे कॉलेजची मुलं रडकुंडीला आली होती. अठरा पूर्ण, कार्डसुद्धा हातात, आणि महापालिकेच्या यादीत नाव नाही. कारण महापालिकेसाठी विधानसभेचीच यादी घेतात, आणि या वेळी १ जुलै २०२५ ची धरली होती. त्यानंतर नोंदवलेल्या कुणालाच मत नव्हतं. एक मुलगी म्हणाली, 'मग मला कार्ड कशाला दिलं?' पहिल्याच वेळी असा हात पोळला की ती पुढच्या वेळी येईल का, मला शंका आहे.

म्हणून कडक_भाकरी यांना उत्तर: धागा आत्ताच हवा. आता अठरा पूर्ण धरायच्या वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेलाही आगाऊ फॉर्म ६, म्हणजे नवीन नोंदणीचा, भरून ठेवू शकतो. निवडणूक लागली की माझ्याकडे गर्दी, आणि तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आत्ता आलात तर मी चहासुद्धा देईन.

कडक_भाकरी

ताई, पाळण्याचं तिकीट परत घेतो. चहाला कधी येऊ?

रिकामा_नळ

एक विचारू? आमच्या वडिलांचं वय ८७. गुडघे गेलेत. मी जात नाही तो माझा प्रश्न, पण त्यांना जायचं असतं आणि न्यायला जमत नाही. त्यांना सोळा साली चालता येत होतं, सतरा सालच्या महापालिकेला स्वतः चालत गेले होते. आता खुर्चीत बसून टीव्हीवर टक्केवारी बघत बसतात.

निवृत्त_मास्तर

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांग असलेल्यांना घरी मत देता येतं. फॉर्म १२ड. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, बीएलओ घरी आणून देतात. मग एक पथक पेटी घेऊन घरी येतं, गुप्ततेसाठी पुठ्ठ्याचा आडोसासुद्धा लावतात. पण एकदा १२ड दिला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, ते लक्षात ठेवा. केंद्रावरच जायचं म्हणाले तर व्हीलचेअर आणि रांगेशिवाय प्रवेश मिळतो. तुम्ही ढकलायला लागाल मात्र.

शेंगाचटणी

आणि ढकलत आत नेलंतच, तर तुमचीही रांग चुकते. बघा बुवा.

रिकामा_नळ

हाहा. काडी टाकलीत. बघतो.

पारकट्टा

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल बैठक झाली. टोप्या आणि पथनाट्य बाजूला ठेवलं, प्रभातफेरीवर मात्र आमच्या अध्यक्षांचा जीव आहे, ती पंचवीस जानेवारीला मतदार दिनाला होईलच. होऊ दे. बाकी ठरलं ते असं की येत्या दोन रविवारी सकाळी गेटजवळ टेबल टाकायचं, आमच्या भागाची यादी छापून ठेवायची, आणि दूध-पेपर घ्यायला खाली येणाऱ्या प्रत्येकाला 'नाव बघून जा' म्हणायचं. प्रत्येक मजल्याला एक माणूस, त्यानं आपल्याच मजल्यावरच्या दारांना जायचं, म्हणजे साखळीमागचा डोळा ओळखीचा असेल. भाडेकरूंच्या मालकांना मी स्वतः फोन करणार आहे, ते अवघड जाणार. नवीन फ्लॅटवाल्याला मेंटेनन्सच्या कागदाबरोबर फॉर्म. आणि मतदानाच्या दिवशी मोबाईल सांभाळायला मास्तरांच्या सूचनेप्रमाणे एक माणूस. त्या कामाला कॉलेजची तीन पोरं लगेच तयार झाली, मला जरा काळजी वाटते.

पुण्यात असलेल्या पोरांचं काय करायचं यावर एकमत झालं नाही. निम्म्यांचं म्हणणं, नावं तिकडं हलवा. निम्म्या आया तयार नाहीत.

हिंजवडीवासी

माझी आई तुमच्याच मंडळात आहे की काय?

नियमात_बसवा

यादी छापताना एक. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भाग क्रमांकानुसार मिळते, ती चालेल. पण टेबलावर पसरून ठेवू नका, त्यात सगळ्यांची वयं असतात.

शेंगाचटणी

तर मग आमच्या इमारतीतल्या तिघी खाली उतरणारच नाहीत.

जरा_शिस्त_लावा

माझ्या सुनेचं नाव बार्शीच्या यादीत, माहेरचं. इथे फॉर्म ६ भरू का ८? घरात दोन मतं आहेत.

बीएलओताई

८ च. ६ फक्त पहिल्यांदा नोंदवणाऱ्यांना. ६ भरलात तर नाव दोन ठिकाणी होईल आणि मग ७ साठी माझ्याकडे याल. राहत्या पत्त्याचा एक पुरावा लागेल. सूनबाईंना स्वतः सही करायला सांगा, सासऱ्यांची चालत नाही.